आवणाच्या चार जुड्या

आमच्या डोंगरात उरलेलं आवण कोणी विकत नाही. आवण म्हणजे भाताची रोपं. पालापाचोळा, शेण जाळून राब भाजलेल्या वाफ्यात ती महिनाभर वाढवायची, मग उपटून, जुड्या बांधून खाचरात लावायची. कुणाचं आवण कमी पडतं, कुणाचं उरतं. ज्याचं उरलं त्यानं ते बांधावर वाळू द्यायचं नाही आणि मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही. देताना 'किती हवं' असंही विचारत नाहीत. 'डोक्यावर पेलंल तेवढं ने' म्हणतात. बदल्यात काही घ्यायचं नसतं. कॉलेजात एकदा शेतकऱ्यांच्या चांगल्या रीतींवर निबंध लिहायला सांगितला होता, तेव्हा मी हीच रीत लिहिली होती आणि सरांनी तो वर्गात वाचून दाखवला होता. हे आधी सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात दोष रीतीचा की माझा, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. बहुतेक माझाच.

नव्वदीचं दशक अर्धं सरलं असेल. मी शेतकी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कॉलेज खाली सपाटीवर, उसाच्या मुलखात. तिथली मुलं मला विचारायची, "नगर जिल्ह्यात भात कुठं होतो रे?" मी म्हणायचो, भंडारदऱ्याच्या वर. त्यांना ते धरण माहीत होतं, कारण त्यांच्या उसाला तिथूनच पाणी यायचं. धरणाच्या वर माणसं राहतात आणि ती भात पिकवतात, हे मात्र बहुतेकांना नवीन होतं. मला त्याचं वाईट वाटायचं, पण मी बोलायचो नाही. मी तिथे फारसं काहीच बोलायचो नाही.

मला शिकू द्या म्हणून वडिलांच्या मागे लागली होती ती माझी आत्या. वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून ती माहेरी परत आली आणि आमच्या शेजारीच तिचं घर होतं. उतारावर तिची तीन खाचरं होती. खालची दोन मोठी, पाणी धरणारी. वरचं एक लहान, दगडी बांधाचं, त्यात पाणी टिकत नसे. पाऊस ओसरला की आठ दिवसांत ते भेगाळायचं. त्या खाचरात ती काळभात करायची, काळ्या टरफलाचा, वासाचा भात.

काळभात आमच्याकडे बऱ्याच घरांत होता. पण प्रत्येक घरचा थोडा निराळा. आत्याच्या भाताला लांब, तांबूस कुसळं असत आणि तो दसऱ्याच्या आधीच पिकायचा. पाणी आटायच्या आत तयार होणारा तो एकच भात होता, म्हणून वरचं खाचर त्याच्यावरच चालायचं. कापणीच्या आधी ती स्वतः खाचरात फिरून भरलेल्या लोंब्या हातानं खुडायची, त्यांचा झुबका बांधून चुलीवरच्या आढ्याला टांगायची. धुरामुळे किडा लागत नाही. ते तिचं पुढच्या वर्षीचं बियाणं. असं ती तिच्या सासूकडून शिकली होती, आणि बी पण सासूचंच होतं.

शेवटच्या वर्षाला आम्हाला सहा महिने एखाद्या गावात राहून शेतीचा अनुभव घ्यावा लागे. मला धरणाच्या खालच्या अंगाला एक भाताचं गाव मिळालं. ज्यांच्या घरी राहिलो त्या शेतकऱ्याला मी मामा म्हणायचो. ते मला 'साहेब' म्हणत, अर्धं कौतुकानं, अर्धं चेष्टेनं. मी चिखलात घसरलो की म्हणायचे, "साहेब पडले रं! पुस्तकात चिखोल नसतोय व्हय?"

आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, ऐन दिवसांत घरून निरोप आला. मोठा पाऊस झाला होता आणि आत्याचा वाफा अर्धा वाहून गेला होता. काळभाताची रोपं वाचली होती, पण खालच्या दोन खाचरांना आवण कमी पडत होतं. गावात सगळ्यांचीच तीच गत. मामांनी निरोप ऐकला आणि लगेच म्हणाले, "अरं मंग हितं उरलंय की. चार जुड्या बांध आन् जा."

आम्ही दोघं वाफ्यात उतरलो. रोपांना हात लावला की बारीक हिरवे तुडतुडे टणाटण उडत होते. काही रोपांचे शेंडे फिके होते, नारिंगीकडे झुकलेले. मी एक उपटून बघितलं.

"मामा, ही पिवळी दिसतात."

"पान्यानं पिवळी पडल्यात. डोंगराची हवा लागली का हिरवीगार हुतील. तू बांध."

आणि मी बांधली. इथे मला थांबावं लागतं. कारण मला ते माहीत होतं. दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात एक परिच्छेद होता: भातावरचा तुंग्रो रोग, विषाणूमुळे होतो, हिरवे तुडतुडे तो पसरवतात, पानं पिवळी-नारिंगी होतात, रोप खुरटतं. परीक्षेत मी त्याचं उत्तर लिहिलं होतं, तुडतुड्याचं शास्त्रीय नावसुद्धा बरोबर लिहिलं होतं. पण पुस्तकात म्हटलं होतं की हा रोग पूर्वेकडच्या राज्यांत आणि किनाऱ्यालगत येतो. आमच्या जिल्ह्याचा त्यात उल्लेख नव्हता. ज्या पुस्तकात आमचा भातच नव्हता त्यात आमचा रोग कसा असणार, हे त्या वेळी मला सुचलं नाही. छापलेलं ते खरं, आणि न छापलेलं नसतंच, असं मी धरून चाललो होतो.

एसटीच्या कंडक्टरनं जुड्या बघून विचारलं, "ह्याचं तिकीट कुनी काढायचं?"

"आवण आहे. आत्याला कमी पडलंय," मी म्हणालो.

"मंग आधी सांगायचं न्हाई का! टाक टपावर. आन् वरून पानी मार, सुकंल न्हाई तर." तोही भाताच्या मुलखातलाच असणार.

आत्या ओटीवरच उभी होती. माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवून घेताना म्हणाली, "कालेजातून आनलंस?"

मी फक्त हसलो. 'नाही' म्हणायला काहीच लागत नव्हतं. पण तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते मला घालवायचं नव्हतं. तिनं शेजारणीला हाक मारली, "बघ गं, भाच्यानं कालेजाचं आवन आनलंय!" शेजारीण म्हणाली, "आता तुझ्या भाताला पन डिग्री मिळनार म्हन की!" सगळे हसले. आत्याची खाचरं लावून जुडीभर आवण उरलं. ते रीतीप्रमाणे शेजारणीनं नेलं.

पोळ्याच्या सुमारास मी घरी गेलो तेव्हा आत्यानं मला चहासुद्धा घेऊ दिला नाही. "आदी खाचरात चल," म्हणाली.

खालची दोन्ही खाचरं हळद-नारिंगी झाली होती. बाकीच्यांचा भात मांडीला लागत होता, तिचा गुडघ्यापर्यंतही आला नव्हता. शेजारणीच्या खाचराच्या एका कोपऱ्यात तोच रंग. आणि वरच्या खाचरात, काळभातात, मधे मधे पिवळे ठिपके पडायला लागले होते. मी हात फिरवला. तुडतुडे उडाले.

"लोक म्हनत्यात युरिया टाक. तुजं पुस्तक काय म्हनतंय?" आत्यानं विचारलं. मग मी काही बोलायच्या आत आपणच म्हणाली, "माजीच चूक हाय. राब भाजताना औंदा देवाला नारळ द्यायचा राहिला."

मी म्हणालो, "पानं घेऊन जातो. सरांना दाखवतो." नारळाबद्दल मी काही बोललो नाही.

आमचे सर वनस्पतींच्या रोगांचे प्राध्यापक होते. खोलीच्या मागे त्यांनी मलमलच्या पिंजऱ्यात तुडतुडे पाळले होते. त्यांनी ते मी नेलेल्या आत्याच्या भाताच्या पानांवर दोन दिवस चरू दिले आणि मग निरोगी रोपांवर सोडले. तीन आठवड्यांनी ती रोपं नारिंगी पडली. त्यांनी मला सगळं नीट समजावून सांगितलं. हा एक विषाणू नाही, दोन आहेत. एक रोप खुरटवतो, पण त्याला तुडतुड्यावर बसता येत नाही. दुसरा रोपाचं फारसं बिघडवत नाही, पण पहिल्याला तुडतुड्यावर बसवून देतो. दोघं मिळून गावं फिरतात. सर आनंदात होते. "आपल्या जिल्ह्यात मी पहिल्यांदा बघतोय," म्हणाले. मग सहज विचारलं, "रोपं कुठली होती?"

"घरची, सर."

का असं म्हणालो, ते आज सांगता येत नाही. वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्या मला सरांनी पहिल्यांदाच खुर्ची दिली होती. तुंग्रोवर दहा ओळी लिहिणाऱ्यानं तुंग्रोच डोक्यावर वाहून नेला, हे त्यांना कळू नये असं वाटलं असेल. एवढंच.

त्या खोट्यामुळे पुढची चूक झाली. सरांकडे परत त्याच विषयावर जायचं मी टाळू लागलो. पुन्हा गेलो तर पुन्हा विचारतील ही भीती. म्हणून जे विचारायला हवं होतं ते विचारलं नाही, आणि दिवाळीला घरी गेल्यावर स्वतःच्याच अकलेनं सांगितलं.

खालच्या खाचरांत पेंढाच निघाला होता. काळभात मात्र लवकरचा असल्यामुळे थोडा वाचला होता. आत्यानं खाचरभर फिरून भरलेल्या लोंब्या खुडल्या होत्या. नेहमीपेक्षा झुबका लहान होता, पण आढ्याला टांगलेला होता. मी तो बघितला आणि म्हणालो, "आत्या, हे बी ठेवू नकोस."

"का रं?"

"रोगट खाचरातलं आहे. बियातून रोग पुढच्या वर्षी परत येईल."

"सगळंच नको? येक मूठ बी न्हाई?"

"एक मूठही नको."

तिनं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं. मग म्हणाली, "तू शिकलेला हायेस. तू म्हनतोस तर नको." तिनं स्टुलावर चढून झुबका काढला. दुसऱ्या दिवशी तो झोडून, कांडून तिनं भात शिजवला आणि आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं. झाकण काढलं तेव्हा त्याचा वास अंगणापर्यंत आला. वर तिनं काळ्या वाटाण्याची आमटी केली होती. मी दोनदा भात वाढून घेतला. ती म्हणाली, "घे, पोटभर घे, आता पुन्यांदा न्हाई हा." आणि मी घेतला.

हिवाळ्यात आमची तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले एक परीक्षक आणि आमचे सर. सरांनी मला मुद्दाम सोपा प्रश्न विचारला, माझ्या ओळखीचा. "तुंग्रोचा प्रसार बियाण्यातून होतो का?"

"होतो, सर."

सर थोडे ओशाळले. परीक्षकांकडे बघून म्हणाले, "घाबरलाय." मग मला म्हणाले, "नाही रे. बियातून मुळीच जात नाही. रोगट झाडाचं बीसुद्धा बिनधास्त पेरावं. फक्त तुडतुडे, आणि लागण झालेली रोपं. बस्स."

परीक्षक पुढचं काही विचारत होते. माझ्या डोळ्यांसमोर आत्याचं स्टूल होतं.

त्यानंतरच्या सुट्टीत मी गावातल्या आणि आसपासच्या वाड्यांवरच्या घरोघरी काळभात मागत फिरलो. 'अभ्यासाला हवाय' असं सांगत होतो. पाच-सहा घरांनी मूठ मूठ दिला. मी तो आत्यापुढे मांडला. तिनं एकेक दाणा नखानं सोलला, चावून बघितला. "ह्यो उशिराचा हाय, दिवाळीचा. ह्याला कुसळ न्हाई. ह्यो बरा हाय, पन वरल्या खाचरात आधी वाळंल आन् मंग पिकंल." सगळे भात चांगलेच होते. तिचा त्यात नव्हता. "कशाला फिरतोस?" ती म्हणाली. "रोगाचं हुतं, गेलं." रोगाचं नव्हतं हे मी तिला त्या दिवशीही सांगितलं नाही.

उन्हाळ्यात सरांनी मला बोलावून घेतलं. त्यांनी आत्याच्या खाचरातली आणि सगळ्या मुलांनी आपापल्या अनुभवाच्या गावातले नमुने द्यायचे होते तेव्हा मी खालच्या गावातून आणून दिलेली वाळकी पानं लांबच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत पाठवली होती. कोकणातलीही काही पानं सोबत होती. तिथून एक्स-रेसारखा काळा फोटो आला होता, त्यात आडव्या रेघांचे उभे पट्टे. प्रत्येक पट्टा म्हणजे एका ठिकाणच्या विषाणूचा जणू अंगठ्याचा ठसा, सर म्हणाले. कोकणातल्या पट्ट्याच्या रेघा जरा वेगळ्या होत्या. "बघ, रोग एकच, पण घराणी दोन. बदलत राहतो हा. जिथे बरेच दिवस राहतो तिथला होतो." मग त्यांनी आमच्या दोन पट्ट्यांवर पेन्सिल ठेवली. आत्याचा आणि मामांचा. रेघ न् रेघ सारखी होती.

"हे मला कळत नाही," सर म्हणाले. "दोन गावांच्या मधे एवढा डोंगर. तुडतुडा फार लांब उडत नाही. आणि वेगळेपणा जरासुद्धा नाही. वाऱ्यानं नेला असेल?"

मी म्हणालो, "असेल, सर."

त्यांनी वहीत तसं लिहिलं. विषाणूची दोन घराणी सापडली म्हणून त्यांना बरं वाटत होतं. मी फोटोकडे बघत होतो आणि मला आमच्या वरच्या खाचरातून कमी झालेलं भाताचं एक घराणं दिसत होतं. बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. मी 'येतो सर' म्हणून बाहेर आलो.

पुन्हा पावसाळा लागला. वरच्या खाचरात आत्यानं नाचणी टाकली होती. खालच्या दोन खाचरांसाठी आवण केलं होतं, पण या वर्षी ते खेकड्यांनी तोडलं. मी घरी होतो. ती मला म्हणाली, "कालेजातून आन की दोन-चार जुड्या. गेल्या साली आनल्यास तशा."

"नको, आत्या."

"का? वाईट न्हवतं आवन. माज्या नशिबानं रोग पडला, त्यात आवनाचा काय दोष?"

मी ओटीवर बसलो. आणि सांगायला लागलो. आधी बियाण्याचं सांगितलं, की ते ठेवलं असतं तरी चाललं असतं. मग जुड्यांचं. ती कॉलेजची नव्हती, खालच्या गावची होती, शेंडे पिवळे होते, मला दिसले होते. सरांना 'घरची' म्हटलं तेही. सांगताना माझी वाक्यं पुढेमागे होत होती. आत्या काठी हातात धरून ऐकत होती. मधेच एकदा तिनं विचारलं, "म्हंजी नारळाचं काय न्हवतं?"

"काही नव्हतं."

"वरीसभर मी देवापुढं नाक घासतीय," ती म्हणाली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाली, "त्यो मानूस कोन हुता, आवन देनारा? त्याला सांगितलंस का?"

वर्षभर मी आत्याचा, सरांचा आणि जास्त करून स्वतःचा विचार करत होतो. मामा माझ्या डोक्यातच आले नव्हते.

"न्हाई सांगितलंस," ती म्हणाली. "जा उद्याच्या गाडीनं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खालच्या गावात पोचलो. मामा आवणी उरकून वाफ्यात उभे होते. मला बघून त्यांनी लांबूनच हाक दिली, "या साहेब! तुमच्या नावाच्या चार जुड्या बाजूला ठेवल्यात. म्हनलं आत्याला लागतील." बांधावर जुड्या होत्या, पाणी शिंपडलेल्या, ओल्या पोत्याखाली. मी एक जुडी उचलली. शेंडे बघितले. यंदाही तसेच होते.

"गेल्या साली जरा पिवळं पडलं," मामा म्हणाले. "औंदा खत जास्त मारलंय."

"मामा," मी विचारलं, "गेल्या वर्षी माझ्याशिवाय आणखी कुणाकुणाला आवण दिलं होतंत?"

त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी चिखलाचे हात धोतराला पुसले आणि बोटं मोजायला सुरुवात केली. लेकीचं सासर. घाटाखालचे पाहुणे. बैल ज्याच्याकडून आणला तो. शाळेचे गुरुजी, त्यांच्या गावाला नेलं. रस्त्याच्या कामावरचा मुकादम, त्यानं टेम्पोत घालून नेलं. एका हाताची बोटं संपली, मग त्यांनी दुसरा हात पुढे केला. मी पिशवीतून वही काढली होती.

"लिव्हा, लिव्हा," मामा म्हणाले. "कालेजात सांगा, आमी कुनाला न्हाई म्हनत न्हाई."